खोलीत आणखी कोण आहे?

आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात आजोबांची एक सवय होती. कचेरीतून परतले की ते पायरीशी वहाणा काढीत, ओटीवर उपरणे झटकीत आणि माजघराच्या उंबऱ्यापाशी येऊन दोनदा खाकरत. घसा त्यांचा ठणठणीत होता. आम्हां पोरांना मात्र ते एखादे जुनाट दुखणे वाटे, आणि मी एकदा आजीला विचारलेही की आजोबांना औषध का देत नाहीत. आजी हसली. म्हणाली, "अरे, ते दुखणं नव्हे, ती वर्दी आहे." आत बायका बसलेल्या असत. कोणी पदर सैल करून वारा घेत असे, कोणी माहेरची चिठ्ठी वाचून डोळे पुशीत असे, कोणी सासूविषयी दोन शब्द बोलत असे. खाकरणे ऐकू आले की पदर सावरले जात, डोळे कोरडे होत, विषय बदलला जाई. मगच आजोबा आत पाऊल टाकीत. घर त्यांचे स्वतःचे होते. तरी न कळवता आत शिरण्याचा हक्क आपल्याला आहे, असे त्यांनी कधी मानले नाही.

आपल्यासारख्या संस्थानी शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना ही रीत नव्याने सांगायला नको. दरबारातली भालदार-चोपदारांची ललकारी काय, किंवा घरातले हे खाकरणे काय, बोलणाऱ्यांना एवढे कळावे की ऐकणारा आणखी एक आला आहे, हे दोहोंतही होतेच. ही रीत मला पुन्हा आठवण्याचे कारण मात्र अगदी आजकालचे आहे. ते कारण म्हणजे फोनवरचे स्पीकरचे बटण. त्या बटणापायी माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती माझ्याच तोंडाने सांगितलेली बरी.

माझा पुतण्या कागदाचा घाऊक व्यापार करतो. मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस त्याच्या दुकानी जाऊन वह्या पाहतो. वह्या म्हणायचे ते सवयीने. आता सगळे संगणकावर असते. डावा कान मला थोडा दगा देतो. फोनवरचे बोलणे नीट कळत नाही म्हणून मी कुरकुर करू लागलो, तेव्हा दुकानातल्या पोराने फोन माझ्या हातून घेतला, एक बटण दाबले आणि टेबलावर ठेवला. "काका, आता ऐका." आवाज साऱ्या दुकानभर घुमला. मला इतका आनंद झाला की त्या दिवसापासून मी येणारा प्रत्येक फोन तसाच ऐकू लागलो.

पुढे दोन-तीन महिन्यांनी, एका दुपारी, आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांची प्रगतिपुस्तके अशी कामे ते करतात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. ते मला भाऊ म्हणतात. नेहमीप्रमाणे मी बटण दाबले, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "बोला दादा."

दादा बोलले. घरातून बरे नाही, ऑपरेशन ठरले आहे, हाताशी होते ते पैसे इस्पितळात भरले आहेत, तेव्हा या महिन्याची रक्कम पुढच्या महिन्यावर ढकलता येईल का, असे त्यांनी विचारले. बोलताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. शेवटी म्हणाले, "भाऊ, हे तुमच्या-माझ्यातच असू द्या." मी म्हणालो, "अहो, हे काय सांगायला हवं?" आणि फोन ठेवला.

तेव्हा दुकानात पुतण्या होता, दोन नोकर होते, चहावाला पोरगा पेले गोळा करीत होता आणि बाजारातले एक दलाल कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्र चाळीत होते. "तुमच्या-माझ्यातच" हे शब्द मी ऐकले तसे त्या पाचांनीही ऐकले. त्या क्षणी माझ्या ते ध्यानातही आले नाही.

दलालांनी काही वाईट हेतूने केले असे मी म्हणणार नाही. बाजारात बातमी हीच दलालाची पुंजी असते. आठ दिवसांत दादांच्या शाईवाल्याने पुढला माल रोखीने घ्या असे कळवले. पुठ्ठ्याच्या व्यापाऱ्याने जुने देणे चुकते झाल्याखेरीज नवी उधारी द्यायला नकार दिला. पंधरा दिवसांत दादांना हाती आलेले एक मोठे काम सोडून द्यावे लागले, कारण त्याला लागणारा माल रोखीने उचलण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. वाचकांपैकी ज्यांच्या घरात पेढी किंवा दुकान होते त्यांना हे समजावून सांगायला नको. हुंडी म्हणजे कागदावर लिहिलेली पतच. आता हुंड्या गेल्या, पण उधारीवर चालणारा लहान धंदेवाईक आजही त्याच पतीवर उभा असतो. ती मिळवायला तीस वर्षे लागतात. जायला एक दुपार पुरते.

महिन्याभराने दादा स्वतः दुकानी आले. वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या होत्या. त्यांनी निम्मी रक्कम मोजून दिली, पाणी प्याले आणि अगदी शांतपणे विचारले, "भाऊ, त्या दिवशी मी फोन केला, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

मी खोटे बोललो नाही. एकेक नाव सांगितले. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मला वाटलं होतं, मी तुमच्या कानात बोलतोय." याउपर एक शब्द त्यांनी काढला नाही. मी क्षमा मागितली, ती त्यांनी घेतली. परंतु त्यानंतर त्यांनी मला फोन करणे सोडले. काही सांगायचे असले की ते स्वतः येत, किंवा बंद पाकिटात चिठ्ठी पाठवीत.

त्या घटनेनंतर या बटणाचा विचार मी पुष्कळ केला. आमची पिढी फोन वापरायला शिकली ती चारचौघांतच. १८७६ साली ग्रॅहॅम बेलने दुसऱ्या खोलीतल्या आपल्या साहाय्यकाला तारेवरून हाक मारली, आणि १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. पण सामान्य मध्यमवर्गीय घरात फोन यायला त्यानंतर कित्येक दशके गेली. आळीत एखाद्या डॉक्टरांकडे किंवा वकिलांकडे फोन असे आणि बाकीचे लोक आपल्या कार्डावर त्याच क्रमांकापुढे 'पी. पी.' अशी अक्षरे छापीत. निरोप आला की डॉक्टरांचा गडी धावत बोलवायला येई. मग डॉक्टरांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या घरच्या मंडळींसमक्ष आपण बोलायचे. बाहेरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहायची. लाइन लागली की आवाज पोचावा म्हणून इतके ओरडायचे की गल्लीला मजकूर कळे. मध्येच केंद्रातली बाई तीन मिनिटे झाल्याची सूचना देई, म्हणजे तीही तारेवर होतीच.

तेव्हा खासगीपणा नव्हता, हे खरे. पण एक गोष्ट होती: कोण ऐकत आहे हे दोन्ही टोकांना ठाऊक असे. डॉक्टरांकडच्या फोनवर कोणी घरचे भांडण काढीत नसे आणि ट्रंक कॉलवर कोणी कर्ज मागत नसे. तशा गोष्टींना पत्र होते, नाहीतर समक्ष भेट होती. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये मधल्या माणसाशिवाय थेट क्रमांक फिरवण्याची सोय झाली आणि ती हळूहळू देशभर पसरली. मग नाक्यानाक्यावर एस. टी. डी.ची पिवळी पाटी लागली. त्या दुकानांतल्या काचेच्या खोक्यात शिरून दार ओढून घेतले की निदान आपले बोलणे आपल्यापुरते राही. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाइल फोन लागला, आणि पुढे तर फोन प्रत्येकाच्या खिशातच आला. मोबाइलवर आपण फोन करतो तो घराला नव्हे, एका माणसाला करतो. तो उचलला गेला की आपल्याला वाटते, आपण त्याच्याशी एकट्याशी बोलत आहोत. दादांनाही तेच वाटले. आणि नेमक्या त्याच यंत्रावर ते बटण आहे.

बटण दाबल्याचे पलीकडच्याला कळण्याचा खात्रीचा मार्ग नाही. सराईत कानाला आवाज थोडा पोकळ, विहिरीतून आल्यासारखा लागतो, एवढेच. बोलणे ध्वनिमुद्रित होऊ लागले तर कित्येक फोन आता आपण होऊन दोन्ही बाजूंना तसे सांगतात. स्पीकर लावला तर मात्र यंत्र गप्प राहते. तेव्हा खाकरण्याचे काम माणसालाच करावे लागते.

या यंत्राचा स्वभावही थोडा समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात व्यवहाराचे नुकसान आहे. फोन कानाशी असतो तेव्हा बोलण्याची जागा तोंडापासून चार बोटांवर असते. टेबलावर ठेवला की ती दोन-तीन हातांवर जाते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्मा होतो; खोलीत त्यात भिंतींचा घुमारा मिसळतो, पंख्याची घरघर येते, रस्त्यावरचा भोंगा येतो. आपल्याला पलीकडचा आवाज मोठा ऐकू येतो म्हणून आपण खूश असतो. पलीकडच्याला मात्र आपला आवाज दूरचा आणि गढूळ ऐकू येत असतो. म्हणजे सोय आपली आणि त्रास त्याचा.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. स्पीकरमधून निघालेला पलीकडचा आवाज याच फोनच्या मायक्रोफोनमध्ये पुन्हा शिरतो आणि त्या माणसाला आपलेच शब्द परत ऐकू येऊ लागतात. जुन्या यंत्रांत यावर उपाय एकच होता: एक बाजू बोलत असताना दुसरी दाबून टाकायची. पुढे हा प्रतिध्वनी मोजून वजा करण्याची युक्ती निघाली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनमोहन सोंधी यांनी १९६७ साली त्यावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला आणि आजचे फोन त्याच मार्गाने चालतात. तरीसुद्धा साधा फोन टेबलावर ठेवून दोघे एकदम बोलू लागले की एकाचे शब्द अजूनही गिळले जातात. गिळला जाणारा शब्द कित्येकदा 'पण' हा असतो. "माल पाठवा, पण पैसे पंधरा दिवसांनी," यातला 'पाठवा' पोचतो, आणि तेवढ्यात इकडून कोणी "ठीक, ठीक" म्हटले की पुढले सारे वाक्य बुडते. पंधरा दिवसांनी भांडण उभे राहते आणि दोघेही प्रामाणिकपणे शपथ घेतात.

आकड्यांचेही तसेच. जुन्या टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला साधारण तीनशे ते चौतीसशे कंपनांच्या पट्ट्यातला आवाजच जाई. 'स'सारख्या अक्षराचा बराच भाग त्याच्या वर असतो, म्हणून तीन आणि तीस यांत घोटाळा होई. आता पुष्कळ फोनांवर हा पट्टा रुंद झाला आहे, पण स्पीकर आणि घुमणारी खोली मिळून तो फायदा घालवतात. आपल्या इंदुरात तर व्यवहार अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत. हिंदीतला उन्यासी म्हणजे एकोणऐंशी आणि नवासी म्हणजे एकोणनव्वद, यांत भली माणसे कानाशी फोन असतानाही चुकतात. स्पीकरवर रक्कम ठरवायची असेल तर एकेक आकडा सुटा बोलावा, 'सात-नऊ', 'आठ-नऊ' असा, आणि नंतर लिहून पाठवावा.

माझ्या पुतण्याला मी हे सारे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, पण लपवण्यासारखं काय असतं? उघड बोलावं, उघड ऐकावं. लपूनछपून बोलण्यातच लबाडी असते." त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, म्हणून त्यावर मी दोन दिवस विचार केला.

धान्याच्या आणि गुरांच्या बाजारात पूर्वी हत्ता नावाची पद्धत होती. दलाल आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरीत आणि भाव तोंडाने न बोलता बोटांनी ठरे. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत राही. त्यात फसवणूक फार होई, म्हणून नियंत्रित बाजार आले तसा हत्ता बंद करण्यात आला. मध्य प्रदेशातही १९७२ च्या मंडी कायद्याने विक्री उघड लिलावाने व्हावी असे ठरवले. पुतण्याला मी म्हणालो, "बाबा रे, हत्ता वाईट होता तो रुमालामुळे नव्हे. ज्याचा माल त्यालाच ठाऊक नसे, म्हणून वाईट होता. स्पीकरचंही तेच. ज्याचा शब्द त्यालाच ठाऊक नाही की तो कोणाकोणाच्या कानी पडतोय. आपल्याला तो उघडपणा वाटतो, पण त्याच्या दृष्टीनं आपण रुमालच टाकलेला असतो." यावर तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात चार नियम लागू झाले. त्यांचा उपयोग इतरांनाही होईल म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिला नियम असा की कोणताही फोन प्रथम कानाशीच घ्यायचा. स्पीकर लावण्याची गरज पडली तर बटण दाबण्याआधी विचारायचे, दाबल्यावर नव्हे. आणि विचारताना कारण व नावे दोन्ही सांगायची: "माझ्याजवळ पुतण्या बसला आहे, त्यालाही हा हिशेब ऐकायचा आहे, स्पीकर लावू का?" नुसते "स्पीकरवर टाकतो हं" म्हणणे म्हणजे खाकरणे आणि आत शिरणे एकाच क्षणी करण्यासारखे आहे. त्यात समोरच्याला पदर सावरायला वेळ मिळत नाही. विचारल्यानंतर पलीकडून क्षणभर जरी थांबल्यासारखे वाटले, तरी फोन कानाशीच ठेवावा आणि कारण विचारू नये.

दुसरा नियम माणसांविषयीचा. मध्येच कोणी आत आले तर तेही सांगायचे. कोणी उठून गेले तरी सांगायचे. चार माणसे एकदम बोलणार असतील तर प्रत्येकाने बोलण्याआधी आपले नाव घ्यावे, कारण पलीकडच्याला चेहरे दिसत नसतात. दार लावावे, पंखा मंद करावा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ सरकवावा. एकाचे बोलणे संपल्यावर श्वासभर थांबूनच दुसऱ्याने सुरुवात करावी. आपला आवाज बंद करण्याचे बटण दाबले आहे या भरवशावर पलीकडच्याविषयी कोणी काही बोलू नये. ते बटण दाबायचे राहून गेल्यामुळे तुटलेले सौदे बाजाराने पाहिले आहेत.

तिसरा नियम विषयांचा. उधारी, आजारपण, नोकरीवरून काढणे, पगार, कोर्टातली बाब आणि घरगुती कलह, हे सहा विषय निघाले की समोरच्याने परवानगी दिलेली असली तरी स्पीकर बंद करायचा आणि फोन घेऊन बाहेर जायचे. बोलणाऱ्याला त्या भरात पुष्कळदा भान नसते. म्हणून ते आपण ठेवायचे. बँकेशी बोलताना खातेक्रमांक, जन्मतारीख असल्या गोष्टी दुकानभर वाजवू नयेत, हे तर आपल्याच हिताचे आहे. आणि क्षणभराचा म्हणून येणारा गुप्त क्रमांक तर स्पीकरवर असो वा कानात, फोनवर कोणालाच सांगायचा नसतो.

चौथा नियम फोन करणाऱ्यासाठी आहे. आपणच नाजूक गोष्ट सांगणार असू, तर पहिल्या वाक्यातच विचारावे: "एकटे आहात का? स्पीकर बंद आहे ना?" यात अविश्वास दाखवला असे होत नाही. जुन्या पत्रांवर 'खासगी' असे लिहीत, त्याचा राग पोस्टमनाला येत नसे.

या नियमांना अपवाद आहेत, ते मी नाकारीत नाही. तीन भाऊ भागीदारीत असतील आणि एका व्यापाऱ्याशी दर ठरवायचा असेल, तर स्पीकरसारखी सोय नाही. निरोप तिघांना तीनदा सांगावा लागत नाही आणि मागाहून "मला हे ठाऊकच नव्हते" अशी तक्रार राहत नाही. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि कचेऱ्या घरी आल्या, तेव्हा हजारो माणसांची कामे या बटणावर चालली. त्याच दिवसांत घरच्या मंडळींनी साहेबांची बोलणी ऐकली आणि साहेबांनी घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या. दोन्ही बाजूंना त्याची कल्पना असल्यामुळे कोणी फारसे मनाला लावून घेतले नाही, हेही खरे.

दुसरा अपवाद माझ्यासारख्यांचा. ज्याचा कान कमी आहे त्याने फोनच घेऊ नये, असे कसे म्हणावे? पण त्यानेही आपल्या कानाची अडचण पलीकडच्याच्या माथी मारू नये. मी पुढे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो आणि यंत्र बसवून घेतले. हल्लीची कित्येक श्रवणयंत्रे फोनला बिनतारी जोडता येतात आणि पलीकडचा आवाज थेट कानात उतरतो. ज्यांना तेवढा खर्च परवडत नाही त्यांना तारेचा साधा हेडफोनही बराच उपयोगी पडतो. तेही जवळ नसले, तर मोकळेपणाने सांगावे: "मला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलाय, जवळ दोन माणसं आहेत." पलीकडचा माणूस काय बोलायचे ते मग आपले आपण ठरवील. मीही त्या दुपारी एवढे एक वाक्य बोललो असतो, तर दादांनी "मग मी संध्याकाळी घरी येतो" असे म्हटले असते आणि त्यांचे ते मोठे काम हातचे गेले नसते.

हल्ली सराफ्यात, बँकेत, दवाखान्याच्या बाकावर, रेल्वेच्या डब्यात लोक फोन तळहातावर आडवा धरून तोंडापुढे नेतात आणि मोठमोठ्याने बोलतात. त्यांचे बोलणे आपल्याला ऐकावे लागते, हा त्रास आहेच. पण माझे मन आता वेगळ्याच जागी जाते. मला पलीकडच्या माणसाची काळजी वाटते. त्या दिवशी दवाखान्यात एका मुलाच्या तळहातावरून त्याची आई बोलत होती. "तुझ्या बाबांना सांगू नकोस," एवढे मी ऐकले आणि उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो. ती माउली कोणत्या गावी, कोणत्या खोलीत दार लावून बोलत होती कुणास ठाऊक. इकडे बाकावर नऊ माणसे बसली होती.

गेल्या महिन्यात रात्री साडेआठच्या सुमारास माझा फोन वाजला. नाव पाहिले तर दादांचे. त्या प्रसंगानंतर हा त्यांचा पहिलाच फोन. मी तो कानाशी धरला. पलीकडून पहिले वाक्य आले, "भाऊ, एकटे आहात ना?" घरात नातवंडे दंगा करीत होती. मी म्हणालो, "दादा, एक मिनिट थांबा." जिना चढून गच्चीवर गेलो, दाराला कडी घातली, आणि मग म्हणालो, "आता एकटा आहे. बोला."

ते काय बोलले ते इथे लिहिण्याजोगे नाही.